रिकाम्या काट्यावरचे सात किलो

खाली बघा. अजून खाली. हां, तिथेच, पायांपाशी. मी वजनकाटा बोलतोय.

माझ्यावर उभं राहताना माणसं श्वास रोखतात, पोट आत घेतात, खिशातला रुमालसुद्धा काढून बाजूला ठेवतात. आत घेतलेलं पोटही शेवटी माझ्यावरच उभं असतं, हे त्यांना कुणी सांगत नाही. मी सांगतो. मी तसा स्वभावाने फटकळच. पण गेल्या वर्षी या घराने मला सहा-सात महिने खोटं बोलायला लावलं. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून आज तोंड उघडतोय.

माझा जन्म एका लांबच लांब शेडमध्ये झाला. पोटात चार तरफा आणि एक जाड स्प्रिंग, पाठीवर खरखरीत काळं रबर, समोर काचेखाली आकड्यांची गोल तबकडी आणि तिच्यावर एक लाल सुई. बॅटरी नाही, दिवे नाहीत, टूं-टूं आवाज नाही. तळाला एक छोटी खाचांची चाकी मात्र आहे. सुई शून्यावरून सरकली तर ती फिरवून सुईला जागेवर आणायचं, एवढंच तिचं काम. ही चाकी लक्षात ठेवा. पुढचं सगळं महाभारत तिच्यामुळे घडलं.

शेडमधली तपासणीवाली बाई मोठी कडक होती. तिने माझ्यावर वीस-वीस किलोची लोखंडी वजनं चढवली, उतरवली, सुई परत शून्यावर येते ना ते पाहिलं आणि मगच माझ्या पोटाला हिरवा ठिपका चिकटवला. त्या ठिपक्याचा मला फार अभिमान होता.

मला विकत घेणारा माणूसही तिच्याच पठडीतला निघाला. सरकारच्या वजनमापे खात्यात निरीक्षक. म्हणजे दुकानोदुकानी जायचं, तराजू तपासायचे, खोटं वजन सापडलं की दंड ठोकायचा. या निरीक्षकसाहेबांनी मला दुकानात अर्धा तास छळलं. स्वतः चढले, उतरले, दुकानदाराला चढवलं, मग दोघांनी मिळून एक पोतंही चढवलं. शेवटी म्हणाले, "हा काटा सरळ आहे." मला वाटलं, चला, नशीब काढलं. खऱ्याची कदर असलेल्या घरी चाललो.

पहिले तीन आठवडे साहेब रोज माझ्यावर चढले. चौथ्या आठवड्यात त्यांना माझा आकडा पटेनासा झाला आणि माझी रवानगी पलंगाखाली झाली. तिथे मी, जोडीदार हरवलेला एक मोजा आणि धूळ, असा आमचा संसार होता. वर्षातून एकदा मला बाहेर काढायचे. साहेबांची थोरली बहीण, जिला घरात सगळे ताई म्हणतात, परदेशात असते. ती सुट्टी संपवून निघाली की तिची बॅग माझ्यावर चढायची. बॅगेत दोन किलो जास्त निघाले की घरात नुसता गोंधळ. हे काढ, ते ठेव, बूट पायात घाल, स्वेटर अंगावर चढव. बॅगेचे दोन किलो या घराला फार जड जायचे. माणसाचे दोन किलो त्यांनी कसे हलके करून टाकले, ते आता सांगतो.

घरातले सगळ्यांत मोठे म्हणजे साहेबांचे वडील. जन्मभर शिंपीकाम केलेलं, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. पंच्याहत्तरी ओलांडली, दुकान बंद केलं, तरी गळ्यातली मोजपट्टी सुटली नाही. खिडकीपाशी शिवणयंत्र, शेजारी कापड कापायची मोठी लोखंडी कात्री. कुणाची चेन बदल, कुणाची बाही आखूड कर, असं काहीतरी चालूच असायचं.

गेल्या वर्षी मास्तरांची भूक मंदावली. ताटातलं ताटात राहू लागलं. सूनबाई शाळेत खेळाची शिक्षिका आहे, शिट्टी वाजवून शंभर मुलांना रांगेत उभं करते. तिने सासऱ्यांनाही तसंच उठवलं आणि गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परत आली ती स्पष्ट सूचना घेऊन. दर रविवारी सकाळी वजन करायचं, लिहून ठेवायचं. दोन किलो उतरलं, तर वाट बघत बसायचं नाही. सरळ घेऊन यायचं आणि मोठ्या तपासण्या करायच्या.

म्हणून मला पलंगाखालून ओढून काढलं, पुसलं आणि बोळात मास्तरांच्या दारापाशी मांडलं. वर खिळ्याला कॅलेंडर, कॅलेंडरला शिवणाच्या दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. पहिल्या रविवारी मास्तर चढले. बासष्ट. साहेबांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं.

पुढच्या रविवारी साडेएकसष्ट. मग एकसष्ट. चौथ्या रविवारी माझी सुई साठावर थांबली.

"दोन किलो झाले," सूनबाई म्हणाली. "उद्याच नेऊ या."

साहेबांनी वडिलांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "काटा जुना झालाय. इतकी वर्षं पलंगाखाली पडून होता. स्प्रिंग सैल पडलीय त्याची."

स्प्रिंग सैल! अहो, स्प्रिंग सैल पडली तर काटा वजन जास्त दाखवतो, कमी नाही. हे त्यांच्या खात्यात पहिल्या महिन्यात शिकवत असतील. पण रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसं झालं. मला उपडं केलं, चाकी दोन किलो पुढे फिरवली, सरळ केलं आणि मास्तरांना लगेच परत वर चढवलं. बासष्ट.

"बघा! काट्यातच दोष होता," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला की सूनबाईलाही पुढे बोलवेना.

मग त्यांनी माझ्यावर एक जुना टॉवेल घडी करून पसरला. धूळ बसते म्हणे. पलंगाखाली इतकी वर्षं धूळ खात होतो, तेव्हा कुणाला माझी दया आली नव्हती. तो टॉवेल फक्त रविवारी उचलायचा, तोही मास्तरांचा एक पाय माझ्यावर आल्यावर. कारण माझ्यावर कुणी नसतानाही माझी सुई आता दोनावर उभी असायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यानंतर दर दोन-तीन आठवड्यांनी रविवारी सकाळी, घर जागं व्हायच्या आत, साहेब दात घासण्याच्या निमित्ताने बोळात यायचे. तोंडात ब्रश, हातात मी. आणखी अर्धा किलो, आणखी एक किलो. कॅलेंडरवर आकडे कसे छान दिसत होते म्हणून सांगू! बासष्ट, साडेएकसष्ट, बासष्ट, एकसष्ट. खरं वाटावं म्हणून अधूनमधून थोडं कमीही ठेवायचे. खोटं बोलतानाही माणसाच्या अंगचं कसब सुटत नाही.

आणि हाच माणूस संध्याकाळी चहा पिता पिता बायकोला सांगायचा, "आज एका भाजीवाल्याला पकडलं. वजनं खरी, पण रिकाम्या काट्याची सुई शून्यावर नव्हती. मी त्याला म्हटलं, आमचा पहिला नियम काय? आधी रिकामा काटा बघायचा. चोरी तिथेच सापडते." मी टॉवेलखाली बसून ऐकत होतो. दिव्याखाली अंधार असतो हे ठाऊक होतं. टॉवेलखालीही असतो, हे नव्याने कळलं.

तुम्ही म्हणाल, काय नालायक मुलगा! तसं म्हणू नका. सहा वर्षांपूर्वी त्याच्या आईला असंच बरं वाटेना. हाच तिला तपासणीला घेऊन गेला. कागदावर दुखण्याचं नाव आलं आणि तीन महिन्यांत ती गेली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की नाव कळलं की माणूस जातो. नावच कळू दिलं नाही, तर जाणार कसा? मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा हा डोळे मिटून बापाला जगवत होता.

बरं, एकटा तोच होता असंही नाही. ताई दर शनिवारी फोनवर चेहरा दाखवायची. त्याआधी मास्तरांना जाड स्वेटर चढवून खिडकीच्या उजेडात बसवायचे. "अय्या, बाबा! गाल किती छान वर आलेत!" ताई म्हणायची. वर आली होती ती हाडं. तिने पावलं मोजणारं एक घड्याळ पाठवलं. मास्तरांच्या मनगटाला ते ढिलं झालं, तर त्यांनी टोच्याने पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडली. ताई खूश झाली. "बघ, घड्याळ घालतात म्हणजे तब्येतीकडे लक्ष आहे."

मास्तरांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, यांचं शास्त्र वेगळंच. "आमच्या घराण्याची चणच बारीक," ते माझ्या शेजारी उभे राहून सांगायचे. "आमचे आजोबा सुकलेल्या काटकीसारखे दिसायचे, पण नव्वदाव्या वर्षी झाडावर चढायचे." पुढच्या भेटीत आजोबा ब्याण्णव वर्षांचे झाले. त्याच्या पुढच्या भेटीत पंच्याण्णवचे, आणि झाडही उंच झालं. असंच चालू राहिलं असतं, तर आजोबा अजून हयात आहेत असंही काकांनी सांगून टाकलं असतं.

मास्तर एकदा बोलले होते. जेवताना घास अर्ध्यात ठेवून म्हणाले, "गिळताना अडकतंय रे इथे."

"बाबा, तुम्ही घाईघाईत जेवता," साहेब म्हणाले.

"दातांमुळे असेल," काका म्हणाले.

"बाबांना कंटाळा आलाय," फोनवरून ताई म्हणाली. "त्यांना काहीतरी छंद लावा."

एका तोंडातल्या घासावर तीन वैद्य बसले आणि घास तिथेच राहिला. मास्तर पुन्हा काही बोलले नाहीत.

आता माझ्या खोटेपणाची गंमत ऐका. चाकी फिरवली मास्तरांसाठी, पण रविवारी त्यांच्या मागोमाग, तसाच आधी पाय ठेवून मग टॉवेल सरकवत, माझ्यावर चढायचं सगळं घर. बघता बघता सूनबाई पाच किलोंनी वाढली, मग सहा, मग सात. ती बिचारी उकडलेल्या भाज्यांवर आली. मुलांना दोन फेऱ्या मारायला लावून स्वतः चार मारू लागली. पण कहर केला साहेबांनी. स्वतःच्या हाताने चाकी फिरवणारा हा माणूस, स्वतःचं वजन वाढलेलं बघून घाबरला! साखर सोडली, पहाटे उठून चालू लागला, बुटांची नवी जोडी आणली. वडिलांचा आकडा खरा म्हणून लोकांना पटवता पटवता तो त्याला स्वतःलाच पटला होता. वडिलांच्या ताटातलं उरतंय हे कुणाला दिसत नव्हतं, आणि धडधाकट माणसं उपाशी राहत होती. एवढं विनोदी घर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि मास्तर? तुम्हाला वाटलं असेल, ते तरी सरळ असतील. छे! रविवारी आकडा खाली आला की मुलाचा आवाज उतरतो आणि आकडा बरा आला की तो आंघोळ करताना गुणगुणतो, हे त्यांच्या कानांनी बरोबर टिपलं होतं. मग त्यांनी काय करावं? सदऱ्याला आतून एक चोरखिसा शिवला आणि दर रविवारी त्यात आपली कापड कापायची मोठी कात्री घालून माझ्यावर चढायला लागले. चांगली एक किलोची लोखंडी कात्री. खिसा असा बेमालूम की साध्या नजरेला दिसायचा नाही. बाप लेकाला फसवत होता, लेक बापाला, आणि दोघांच्या पायाखाली मी. दोघांनाही समोरच्याचं मन मोडायचं नव्हतं. मला त्यांचा राग येत होता आणि रडूही येत होतं, पण स्प्रिंगला रडता येत नाही.

एका सोमवारी सूनबाईच्या शाळेत आरोग्य तपासणी होती. मुलांची झाली, मग शिक्षकांची. तिथला काटा तिला घरच्यापेक्षा बरोबर सात किलोंनी हलकी म्हणाला. ती तीनदा चढली. मग संध्याकाळी घरी आली, पर्स टाकली, बूटही न काढता थेट बोळात आली आणि माझ्यावरचा टॉवेल उचलला.

माझ्यावर कुणी नव्हतं आणि माझी सुई सातावर होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"टॉवेल एवढ्यात घालू नकोस," मागून आवाज आला. मास्तर दारात उभे होते, गळ्यात मोजपट्टी. "किती दाखवतोय?"

"सात, बाबा."

"रिकामा?"

"रिकामा."

मास्तर हसले. "मग माझी कात्री धरून आठ."

सूनबाईला काही कळेना. मास्तरांनी चोरखिसा उलटा करून दाखवला, तशी ती तिथेच जमिनीवर बसली. मास्तरही कसेबसे खुर्चीत टेकले.

"कमरेला चार इंच गेलेत, सूनबाई. विजार तीनदा आत घेतली. काट्याला चाकी असते, मोजपट्टीला नसते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो तर घाईघाईत जेवता म्हणाला. तू का नाही बोललीस?"

"बोलले. ते म्हणाले, तुला बाबांना आजारी पाडायचंय का? त्यावर काय बोलणार, बाबा? सुनेनं सासऱ्याचं दुखणं काढलं की लोकांना वेगळंच वाटतं."

मग मास्तर म्हणाले, "हे बघ, मला मरायची घाई नाही. पण काय झालंय ते मला कळू दे. माणसाचं माप खरं असलं तरच पुढचं बेतता येतं. किती कापड उरलंय हेच ठाऊक नसेल, तर कुठला मूर्ख कात्री चालवील?"

पुढच्या रविवारी साहेब नेहमीप्रमाणे तोंडात ब्रश घालून बोळात आले आणि जागच्या जागी थांबले. माझ्या शेजारी खुर्ची टाकून मास्तर आधीच बसलेले. काकांना सकाळी सकाळी चहाला बोलावलं होतं, ते बशी हातात घेऊन उभे. स्टुलावर बरणीला टेकवून फोन उभा केलेला आणि त्यात ताई, तिच्याकडे संध्याकाळ झालेली.

"हे काय, सगळे इथे?" साहेबांनी ब्रश काढला. "चला बाबा, चढा."

"चढतो. आधी एक सांग. दुकानात शिरलास की तू पहिल्यांदा काय बघतोस?"

साहेबांच्या ओठाला टूथपेस्ट लागलेली तशीच राहिली.

"रिकामा काटा!" काकांनी उत्साहाने उत्तर दिलं. "परवा नाही का तू त्या भाजीवाल्याचं सांगितलंस? चोरी तिथेच सापडते!"

"बरोबर," मास्तर म्हणाले आणि टॉवेल ओढून काढला.

माझ्यावर धुळीचा कण नव्हता, आणि मी सात किलो दाखवत होतो.

"काय झालं? मला दिसत नाहीये," ताई फोनमधून ओरडली. "कुणीतरी फोन खाली धरा ना!"

सूनबाईने फोन माझ्या काचेशी आणला.

"हे सात किलो कुणाचे?" मास्तरांनी विचारलं.

"स्प्रिंग सैल..." काकांनी सुरुवात केली.

"तू चहा पी," मास्तर म्हणाले. मग मुलाकडे वळून हळू आवाजात, "फिरव ती चाकी. तूच फिरव."

साहेब जमिनीवर बसले. मला उचललं, उपडं केलं आणि चाकी मागे फिरवू लागले. मला सरळ ठेवलं तेव्हा सुई शून्यावर होती. इतक्या महिन्यांनी मला माझी जागा सापडली. त्या शेडमधल्या बाईची फार आठवण आली.

मास्तरांनी सदऱ्याच्या आत हात घातला, कात्री काढली आणि स्टुलावर ठेवली. लोखंड लाकडावर टेकल्याचा आवाज झाला. साहेब कात्रीकडे बघतच राहिले.

"बाबा, ही कधीपासून?"

"तू चाकी फिरवायला लागलास, त्याच्या पुढच्या महिन्यापासून. तू गुणगुणायचास ना, ते बरं वाटायचं रे." मग त्यांनी मुलाच्या खांद्याचा आधार घेतला आणि माझ्यावर चढले. हलके पाय. वर्षापूर्वीचे तेच पाय माझ्या चांगले ओळखीचे होते. हे दुसऱ्याच कुणाचे वाटले.

"वाच."

साहेबांनी बाहीने माझी काच पुसली.

"मोठ्याने वाच. ताईला ऐकू जाऊ दे."

"त्रेपन्न," साहेब म्हणाले, आणि तसेच माझ्यासमोर बसून रडायला लागले. "बाबा, आईला नेलं होतं मी. तपासणी केली आणि ती..."

"आई तपासणीने नाही गेली. दुखण्याने गेली," मास्तर म्हणाले. "तुझ्यामुळे तर अजिबात नाही. हे मीच तुला आधी सांगायला हवं होतं, माझंही चुकलंच."

काकांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "आपले आजोबा झाडावर बिडावर काही चढायचे नाहीत. एकसष्टाव्या वर्षी गेले. त्यांनाही शेवटी घास गिळवत नव्हता."

"ठाऊक आहे मला," मास्तर म्हणाले. "मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे."

दुसऱ्या दिवशी सगळी मिळून डॉक्टरीणबाईंकडे गेली. तिथलं मी सूनबाईच्या तोंडून ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडरची पानं उलटली. बासष्ट, साडेएकसष्ट, बासष्ट, एकसष्ट. मग मास्तरांकडे पाहिलं, परत पानांकडे पाहिलं आणि विचारलं, "हे आकडे कुणाचे आहेत?"

"माझे," साहेब म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी लगेच मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहिली. मोठ्या तपासण्या झाल्या. अन्ननलिकेत गाठ निघाली. चार-पाच महिने आधी आला असतात तर शस्त्रक्रियेचा विचार करता आला असता, असं मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं. रागावून नव्हे, सरळ सांगितलं. आता घास उतरेल एवढी सोय करू, दुखणार नाही एवढं बघू. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि घरी येऊन शिवणयंत्राला तेल घातलं. चार-पाच महिने. ती चाकी मी स्वतः फिरवली नव्हती, पण सुई माझी होती. मी त्यातून सुटत नाही.

तर असं माझं आयुष्य. आता मी बोळात उघडाच असतो, टॉवेल गेला जमीन पुसायला. साहेबांनी मॉर्निंग वॉक सोडला आणि साखर पुन्हा सुरू केली. सूनबाईने उकडलेल्या भाज्या बंद केल्या, त्या दिवशी तिने दोन ताटं जेवण केलं. ताई आलीय, येऊन महिना झाला. तिची बॅग माझ्यावर अजून चढलेली नाही, कारण ती जायचं नावच काढत नाही. मास्तरांची विजार आता साहेब आत घेतात. शिवण वाकडी येते, मास्तर उसवायला लावतात, साहेब परत घालतात. दोघं खिडकीपाशी बसून तासन्‌तास हेच करतात आणि मधूनमधून हसण्याचा आवाज येतो. आईच्या गोष्टी निघतात. हे सगळं गेल्या वर्षीही करता आलं असतं, असं मला वाटतं आणि फार वाईट वाटतं.

रविवारी साहेब माझ्यासमोर गुडघे टेकून बसतात. आधी रिकामा काटा बघतात आणि मोठ्याने म्हणतात, "शून्य." मग मास्तर चढतात आणि ते आकडा वाचतात. गेल्या रविवारी एकोणपन्नास. आवाज उतरला, पण आकडा बदलला नाही. उतरताना मास्तरांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर वाचलंस."

तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. कधी तो तुम्हाला नकोसा आकडा दाखवील. त्याला खुशाल शिव्या द्या, लाथ मारा, आम्हाला सवय आहे. पण वर उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा मान वर करून बघा. तो काही सांगत असेल तर त्याचा घास होईपर्यंत थांबा आणि ऐका.

आणि साहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. एक रविवार असा येईल की तुम्ही गुडघे टेकून बसाल आणि त्या दारातून पावलं येणार नाहीत. त्या दिवशी मी शून्य दाखवीन. तो आकडा तुम्हाला सगळ्यांत जड जाईल, मला ठाऊक आहे. पण तो खरा असेल. तेवढा मला दाखवू द्या. त्या दिवशी चाकीला हात लावू नका.